रेडिएटरचा उसासा
पाण्याने गरम होणाऱ्या घरांचा इतिहास, हवेच्या बाजूने

युरोपातल्या घरांत थंडीची चाहूल लागली, की एक छोटेसे काम दरवर्षी निघते. उन्हाळाभर बंद असलेले हीटिंग सुरू केले जाते आणि रेडिएटरला हात लावून पाहिल्यावर लक्षात येते, की तो खालून गरम झाला आहे, वरून मात्र गारच आहे. आत वरच्या बाजूला हवा साचलेली असते. मग यंत्रणा बंद करून पाणी निवू द्यायचे, रेडिएटरच्या वरच्या टोकाशी असलेल्या बारीक झडपेत चौकोनी तोंडाची किल्ली बसवायची, खाली जुने फडके धरायचे आणि किल्ली डावीकडे पाव फेरा फिरवायची. आधी फुस्स आवाज येतो, मग पाण्याचे शिंतोडे उडतात. पाणी सलग येऊ लागले की झडप बंद करायची. शेवटी बॉयलरपाशी जाऊन दाबमापकाचा काटा पाहायचा आणि तो उतरला असेल तर यंत्रणेत पाणी भरायचे.

या कामाला इंग्रजीत 'ब्लीड करणे', म्हणजे रक्त काढणे, असे म्हणतात. फ्रेंचांनी 'पुर्जे' हे क्रियापद योजले; त्याचा एक अर्थ रेच देणे असाही होतो. जर्मन भाषा 'एंटल्युफ्टेन', म्हणजे हवा काढून घेणे, असे सरळ म्हणते. रक्तमोक्षण आणि विरेचन या दोन्ही गोष्टी आपल्या वैद्यकालाही ओळखीच्या आहेत. अंगात साचलेला दोष बाहेर काढल्याशिवाय औषध लागू पडत नाही, ही जुन्या वैद्यांची समजूत यंत्रांच्या भाषेत अशी येऊन बसली आहे.

गरम घराचा इतिहास सहसा आगीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: चूल, शेकोटी, शेगडी, बॉयलर. या लेखात तो हवेच्या बाजूने पाहायचा आहे. पाण्याने घर गरम करायचे ठरले, त्याच दिवशी पाण्यातली हवा कुठून सोडायची आणि कोणी सोडायची हा प्रश्न उभा राहिला. पहिल्या अर्ध्याचे उत्तर अभियंत्यांनी शोधले. दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर मात्र समाजासमाजात वेगळे निघाले, आणि घरातल्या उबेवर कोणाचा ताबा आहे हे त्यातून उघड झाले.

पाणी फिरते कसे आणि अडते कसे

आज घरगुती यंत्रणेत पाणी फिरवायला विजेचा पंप असतो. पण पहिली दीड-दोनशे वर्षे हे काम निसर्गावर सोपवलेले होते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, खोल्यांत उष्णता देऊन निवते, जड होते आणि दुसऱ्या नळाने खाली बॉयलरकडे परतते. तत्त्व सोपे आहे, पण त्यामागचे बळ फार थोडे आहे. ८० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे ९७२ किलो भरते आणि ६० अंशांच्या पाण्याचे सुमारे ९८३ किलो. फरक अवघ्या अकरा किलोंचा, म्हणजे जेमतेम एक टक्क्याचा. एक मीटर उंचीमागे पाण्याला पुढे ढकलणारा दाब भरतो सुमारे अकरा मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. एवढ्या नाजूक बळावर चालणारा प्रवाह थांबवायला नळाच्या वळणात अडकलेला हवेचा एक फुगाही पुरतो.

ही हवा येते कुठून? पहिला स्रोत पाणी स्वतःच. थंड पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण वीस मिलिलिटर हवा विरघळलेली असते. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये दाब आणि द्रवात विरघळणारा वायू यांचे नाते मांडले. पाणी तापले की त्याची वायू धरून ठेवण्याची ताकद घटते, हे तर चुलीवरच्या पातेल्यातही दिसते. उकळी फुटण्याच्या बऱ्याच आधी तळाला जे बारीक बुडबुडे चिकटतात, ते याच हवेचे. शंभर लिटर ताजे पाणी भरले तर त्यासोबत दोन लिटर हवा घरात येते. पाणी तापताच तिच्यातली बरीचशी सुटते आणि यंत्रणेतल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसते.

नळात कोंडलेली हवा ही काही थंड देशांपुरती अडचण नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्याकडे जमिनीखालून पाणी आणले गेले, तेव्हा त्या मार्गावर ठिकठिकाणी हवेसाठी तोंडे ठेवली होती. त्यांना 'उच्छ्वास' किंवा 'उसासे' म्हणतात. गच्चीवरच्या टाकीचे पाणी खालच्या नळाला येत नाही तेव्हा प्लंबर 'एअर धरली आहे' म्हणतो, तीही हीच गोष्ट. रेडिएटरच्या टोकाची झडप म्हणजे घरातल्या भिंतीवर आलेला उसासाच आहे. फरक इतकाच, की पाणीपुरवठ्याचा उसासा सतत उघडा राहू शकतो आणि दाबाखालच्या रेडिएटरचा मात्र वेळेवर उघडून वेळेवर बंद करावा लागतो. म्हणून तिथे माणूस लागतो.

झाडे, अंडी आणि गिरण्या

गरम पाण्याच्या यंत्रणेचे पहिले लाभार्थी माणसे नव्हती. स्वीडिश अभियंता मार्टिन ट्रिवाल्ड याने १७१६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ एक हरितगृह गरम पाण्याने तापवले. फ्रान्समध्ये बोनमँ याने १७७७ मध्ये अंडी उबवण्यासाठी गरम पाण्याच्या अभिसरणाचा उपयोग केला आणि तापमान आपोआप राखणारे नियंत्रकही तयार केले. झाडांना आणि अंड्यांना हवी असते ती मंद, सारखी आणि धूर नसलेली ऊब. उघड्या आगीला ते जमत नाही.

माणसांपर्यंत ही कल्पना पोचली ती आधी वाफेच्या रूपाने. जेम्स वॉटने १७८० च्या दशकात आपली कामाची खोली वाफेने गरम करून पाहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बोल्टन आणि वॉट यांच्या कंपनीने इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांना वाफेचे हीटिंग बसवले. गिरणीत उघडी आग म्हणजे कापसाला काडी लावण्यासारखे. त्यामुळे इथे सोयीपेक्षा सुरक्षिततेचा विचार मोठा होता. कामगाराची ऊब हा या व्यवस्थेचा जोडलाभ होता.

१८३० च्या दशकात पाण्याने पुन्हा उचल खाल्ली. अमेरिकेतून इंग्लंडला आलेल्या कुटुंबातल्या एंजियर मार्च पर्किन्सने १८३१ मध्ये उच्च दाबाच्या गरम पाण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्याचे नळ अंगठ्याएवढे बारीक, जाड लोखंडाचे आणि सर्व बाजूंनी बंद होते. त्यातले पाणी उकळबिंदूच्या बरेच पुढे तापे. यंत्रणा भरताना पंपाने पाणी दाबून फिरवत आतली हवा बाहेर घालवावी लागे. लंडनमधल्या वास्तुविशारद जॉन सोन यांच्या घरात, आजच्या सोन संग्रहालयात, ही यंत्रणा बसवली गेली. ब्रिटिश म्युझियममध्येही ती आली. पण इतके तापलेले नळ लाकडाजवळून गेले तर आग लागेल, अशी भीती विमा कंपन्यांना वाटू लागली. १८३७ मध्ये चार्ल्स हूड यांनी गरम पाण्याने इमारती तापवण्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यात कमी दाबाच्या, मंद गतीच्या अभिसरणाचे गणित आहे, तसाच पाइपांत साचणाऱ्या हवेला वाट ठेवण्याचा प्रश्नही आहे. उष्णता निर्माण करणे अवघड नव्हते. ती न अडखळता फिरत ठेवणे अवघड होते.

रेडिएटरचा जन्म

तोपर्यंत खोल्यांत जे दिसत होते ते नुसते नळ. कमी जागेत जास्त पृष्ठभाग देणारी वस्तू, म्हणजे आजचा रेडिएटर, कोणी शोधली यावर एकमत नाही. रशियात हा मान फ्रांझ सान-गाली या प्रशियातून सेंट पीटर्सबर्गला येऊन स्थायिक झालेल्या उद्योजकाला दिला जातो. १८५० च्या दशकाच्या मध्यात त्सार्स्कोये सेलोच्या राजवाड्याच्या हरितगृहांचे काम करताना त्याने ओतीव लोखंडाची एक गरम पेटी बनवली. इथेही सुरुवात झाडांपासूनच झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. व्होल्गाकाठच्या समारा शहरात २००५ मध्ये रेडिएटरचे एक स्मारक उभारले गेले. त्यात रेडिएटरच्या वरच्या खिडकीपट्टीवर मांजर पहुडलेले आहे.

अमेरिकेत पर्किन्सचे तंत्र लंडनहून जोसेफ नेसनने नेले. त्याने आणि रॉबर्ट ब्रिग्जने १८६३ मध्ये उभ्या नळ्यांच्या रेडिएटरचे पेटंट घेतले. पुढे ओतीव लोखंडाचे सुटे खंड जोडून हवा तेवढा रेडिएटर बनवण्याची पद्धत रुळली, आणि १८९२ मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी उभी राहिली. तिची न्यूयॉर्कमधली १९२४ ची इमारत काळ्या विटांची आणि सोनेरी माथ्याची आहे. निखारा धगधगल्यासारखी दिसावी असा तिचा थाट. नावात 'रेडिएटर' असले तरी त्याची बरीचशी उष्णता किरणांनी पसरत नाही. जवळची हवा तापून वर जाते आणि खोलीभर फिरते, त्यातून ती मिळते. म्हणूनच वरचा भाग गार राहिला की खोली लगेच तक्रार करते.

अमेरिकी शहरांतल्या वाफेच्या रेडिएटरवर हवा सोडणारी झडप आपोआप चालणारी होती. वाफ येईपर्यंत ती हवा जाऊ देते, वाफ पोचली की मिटते. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत हिवाळ्यात ऐकू येणारा तो सुप्रसिद्ध फुस्कारा याच झडपेचा. तिथे हवा काढण्याचे काम यंत्राकडे गेले. उरलेल्या जगात मात्र माणसाकडे राहिले.

वरच्या मजल्यावरचा शेजारी

सोव्हिएत संघाने उबेचा प्रश्न घराच्या पातळीवर सोडवायचाच नाही असे ठरवले. १९२४ मध्ये लेनिनग्राडमध्ये वीजकेंद्रातून निघणारी उष्णता इमारतींना पुरवायला सुरुवात झाली, आणि पुढच्या दशकांत शहरेच्या शहरे एका प्रचंड नळजाळ्याला जोडली गेली. वीज बनवताना वाया जाणारी उष्णता लोकांच्या घरात जाते, ही कल्पना काटकसरीची आणि लोकाभिमुख होती. पण घरातल्या माणसाच्या हातात तोटी नव्हती. हीटिंग कधी सुरू होणार हे नगरपालिका ठरवते. दिवसाचे सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिले की हंगाम सुरू, हा नियम आजही रशियात चालतो. खोली फार तापली तर खिडकी उघडायची, गार राहिली तर स्वेटर घालायचा.

या अवाढव्य व्यवस्थेत रहिवाशाकडे उरलेली एकमेव झडप म्हणजे 'माएव्स्कीचा नळ'. रशियन घरांत रेडिएटरची हवा काढणाऱ्या झडपेला हेच नाव आहे. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: पूर्वी तिथे साधी तोटी असायची आणि लोक रेडिएटरमधलेच गरम पाणी धुण्याभांड्यांसाठी काढून घ्यायचे, म्हणून हवा सहज जाईल पण बादली भरणार नाही, अशी बारीक छिद्राची आणि किल्लीने उघडणारी झडप आली. गोष्टीतला तपशील काहीही असो, झडपेच्या रचनेतला संशय खरा आहे. उसासा सोडायला परवानगी, पाणी घ्यायला नाही.

हवा तर वर जाते. अनेक मजली इमारतीत एकाच उभ्या नळावर एकाखाली एक खोल्या असतात, आणि खालून पुरवठा असलेल्या इमारतीत त्या सगळ्यांची हवा शेवटच्या मजल्यावरच्या रेडिएटरमध्ये गोळा होते. तिथल्या रहिवाशाने किल्ली फिरवली नाही, तर त्या नळावरचे खालचे सगळे शेजारी गारठतात. तो गावाला गेलेला असेल, आजारी असेल किंवा भांडण झाल्यामुळे दार उघडत नसेल, तर शरद ऋतूतला पहिला आठवडा तक्रारी करण्यात जातो. लाखोंचे शहर तापवणारी केंद्रीय योजना शेवटी एका माणसाच्या घरी असण्यावर येऊन ठेपते. चाळीत नळाचे पाणी खालचे आधी ओढून घेतात आणि वरचे कोरडे राहतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले नाते कळेल. फक्त इथे किल्ली वरच्याच्या हातात आहे.

जाळे तुटले की काय होते, हेही या शहरांनी भोगले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये केंद्रीय हीटिंग बंद पडले, नळ गोठले, आणि लोक 'बुर्झुइका' नावाच्या पत्र्याच्या शेगडीत फर्निचर आणि पुस्तके जाळून जगले. जानेवारी २००६ मध्ये युक्रेनमधल्या अल्चेव्स्क शहरात कडाक्याच्या थंडीत मुख्य नळ फुटला. फिरते पाणी थांबले, गोठले, गोठताना फुगले, आणि घराघरातले नळ व रेडिएटर फोडत गेले. हजारो घरे गार पडली आणि मुलांना इतर ठिकाणी हलवावे लागले. पाणी काढून टाकता आले नाही तर उबेची यंत्रणाच घर उद्ध्वस्त करते. म्हणूनच ऑक्टोबर २०२२ पासून युक्रेनच्या वीज आणि उष्णता केंद्रांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा थंडीसोबत रिकाम्या न झालेल्या नळांचीही धास्ती होती.

इंग्रजी घराची किल्ली

ब्रिटनची वाट अगदी उलटी. औद्योगिक क्रांतीच्या या देशात गरम पाण्याचे शास्त्र लिहिले गेले, पण सामान्य घर मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोळशाच्या उघड्या शेकोटीवरच राहिले. जॉर्ज ऑर्वेलने डिसेंबर १९४५ मध्ये उघड्या शेकोटीच्या बाजूने लेख लिहिला. ती उष्णता वाया घालवते, घाण करते, हे मान्य करूनही त्याचे म्हणणे होते, की शेकोटीभोवती कुटुंब एकत्र बसते. हा नुसता हळवेपणा नव्हता. एकच खोली गरम असेल तर सगळ्यांना तिथे यावेच लागते. प्रत्येक खोलीत रेडिएटर आला की मुले आपापल्या खोलीत जातात.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस विषारी धुके बसले आणि हजारो माणसे मेली. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्याच दशकात लहान व्यासाचे तांब्याचे नळ आणि छोटा विजेचा पंप यांवर चालणारी घरगुती यंत्रणा पुढे आली. जाड नळांची आणि चढ-उताराच्या काटेकोर गणिताची गरज संपली. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ ते १९७७ या दशकात देशभरातली गॅसची उपकरणे एकेक करून त्या वायूसाठी बदलण्यात आली. तरीही १९७० मध्ये बहुसंख्य ब्रिटिश घरांत सेंट्रल हीटिंग नव्हते. पुढच्या तीस वर्षांत ते जवळजवळ सर्वत्र पोचले.

इथे प्रत्येक घराचा बॉयलर वेगळा, म्हणून किल्लीही ज्याच्या-त्याच्या घरात. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळणारी ती पितळी किल्ली घरातल्या खणात स्क्रूड्रायव्हर आणि फ्यूजशेजारी पडून असते. कुठला रेडिएटर गार आहे हे पाहायचे, खालच्या मजल्यापासून सुरुवात करत वर जायचे, ही रीत वडिलांकडून मुलांकडे जाते. लंडन, लेस्टर किंवा डब्लिनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पहिल्या हिवाळ्यात हे शिकावे लागते. घरमालकाला फोन करायचा की आपणच किल्ली फिरवायची, हा प्रश्न भाड्याच्या घरात तिथेही आहेच.

पाणी भरताना

हवा गेली की तिची जागा पाण्याने घ्यायला हवी. जुन्या इंग्रजी घरांत माळ्यावर छोटी टाकी असे आणि ती आपोआप कमतरता भरून काढी. आजच्या बंद यंत्रणेत तशी टाकी नसते. म्हणून नळाच्या पाण्याला जोडणारी एक लवचीक नळी आणि तिच्या दोन झडपा असतात. त्या हळूच उघडून काटा साधारण १ ते १.५ बारवर आणायचा आणि बंद करायच्या. हा आकडा मनमानी नाही. एक बार म्हणजे सुमारे दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. बॉयलरपासून पाच मीटर उंचीवरच्या रेडिएटरपर्यंत पाणी नुसते पोचायलाच अर्धा बार लागतो. वर थोडी शिल्लक हवी, नाहीतर वरच्या खोलीत पुन्हा हवाच राहते.

पण प्रत्येक भरणीबरोबर ताजे पाणी येते आणि ताज्या पाण्यात ताजा प्राणवायू. तो पोलादी रेडिएटरला आतून गंजवतो. प्राणवायू संपल्यावरही लोखंड आणि पाणी यांची मंद प्रक्रिया चालू राहते. तिच्यातून मॅग्नेटाइट नावाचा काळा गाळ आणि हायड्रोजन वायू तयार होतो. म्हणजे रेडिएटरमधून फुस्स करून निघणारा वायू नेहमी हवाच असेल असे नाही. तो जळणारा हायड्रोजनही असू शकतो, म्हणून तिथे मेणबत्ती किंवा सिगारेट नेऊ नये. हवा काढताना काळे पाणी आले, किंवा रेडिएटर वरून गरम आणि खालून गार असेल, तर तो गाळाचा इशारा असतो. दर महिन्याला हवा काढावी आणि पाणी भरावे लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि आपला उपचारच रोग वाढवतो आहे. गळती शोधून बंद करणे आणि पाण्यात गंजरोधक द्रव्य घालणे, हाच त्यावरचा उपाय. एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रणांत तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राही, हे त्यांच्या दीर्घायुष्याचे एक कारण आहे.

किल्ली कोणाकडे

रशियाकडून येणारा वायू आटल्यावर २०२२ च्या शरद ऋतूत जर्मनीने गॅस हीटिंग तपासून घेण्याची सक्ती करणारा आदेश काढला. मोठ्या इमारतींना हायड्रॉलिक संतुलनही करून घ्यायचे होते, म्हणजे प्रत्येक रेडिएटरला त्याच्या वाट्याचेच पाणी मिळेल अशी मांडणी. बॉयलरजवळच्या खोल्या जास्त पाणी ओढतात आणि दूरच्या उपाशी राहतात, हा जुना अन्याय एका राष्ट्राच्या ऊर्जाधोरणात आला. आता हीट पंप येत आहेत. ते बॉयलरपेक्षा बऱ्याच कमी तापमानाचे पाणी फिरवतात. पाणी कोमट असले की रेडिएटरचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर कामाला यावा लागतो, आणि वर साचलेली हवा किंवा खाली बसलेला गाळ पूर्वीपेक्षा महाग पडतो.

तीन शतकांत बॉयलर, इंधन आणि पंप बदलले; तापलेल्या पाण्यातून वायू सुटून सर्वांत उंच जागी बसतो, हे बदलले नाही. न्यूयॉर्कने ते काम झडपेवर सोडले, लेनिनग्राडने वरच्या मजल्यावर, लंडनने घरधन्यावर. प्रत्येक वाटेला आपली किंमत होती. केंद्रीय जाळ्यात गरीब-श्रीमंत सारखेच उबदार राहिले, पण एक नळ फुटला की सगळेच गारठले. स्वतंत्र बॉयलरने माणसाला तोटी दिली, सोबत बिलही दिले; ज्याला ते परवडत नाही त्याच्या घरी किल्ली असूनही रेडिएटर गारच राहतो. हवा काढून खोली गरम होते ती आत तापलेले पाणी असेल तरच. ते पाणी कोणी तापवायचे आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न त्या पितळी किल्लीने सुटत नाही.